खंडेनवमीला झोपवलेला फ्रीजर

"आमची सून फ्रीजच्या दुकानात आहे," असं माझ्या सासूबाई हळदीकुंकवाला येणाऱ्या प्रत्येक बाईला सांगत. मग त्या बाया मला कोपऱ्यात गाठून विचारायच्या, "एक दाराचा चांगला की दोन दाराचा?" सुरुवातीला मी चिडून सगळं समजावून सांगायची. पुढं पुढं "एक दाराचाच घ्या, उघडझाप कमी होते," एवढं बोलून मोकळी व्हायला लागले. खोटं कशाला बोलू, माझ्या नोकरीचं सगळं सार त्यात आलंच होतं. उणे ऐंशी अंशांच्या फ्रीजरचं दार कमीत कमी वेळा उघडायचं, हेच मी अठरा वर्षं केलं.

सोलापुरातल्या एका मोठ्या दवाखान्याच्या जैवपेढीत मी होते. जैवपेढी म्हणजे बायोबँक. रक्तपेढीतलं रक्त पेशंटला चढवतात, आमच्याकडचं कुणालाच चढवत नाहीत. आजारी माणसाचं, कधी त्याच्या नातेवाइकांचं चमचाभर रक्त त्यांच्या लेखी परवानगीनं घ्यायचं, करंगळीएवढ्या नळ्यांत भरायचं आणि गोठवून ठेवायचं. त्याच्या जोडीला माणसाची माहिती ठेवायची. वय काय, आजार काय, घरात आणखी कुणाला आहे. नळीवर नाव नसतं, नुसत्या काळ्या रेघा. नाव वेगळ्या कुलपात. पुढं पाच-दहा वर्षांनी एखाद्या संशोधकाला त्या आजाराचा छडा लावायचा असला की तो अर्ज करतो, समिती त्याची उलटतपासणी घेते, आणि मग आम्ही नळी देतो. कैरीच्या दिवसांत लोणचं घालून ठेवावं तसलं हे काम आहे. खाणारा पाहुणा कधी येणार ते घालणाऱ्याला ठाऊक नसतं.

"हे शिकायला कुठं जायचं?" हा प्रश्न मला फार विचारतात. मोडनिंबच्या एका कॉलेजनं तर करिअर मार्गदर्शनाला बोलावलं होतं. प्राचार्यांनी माझी ओळख "शीतगृह क्षेत्रातील मान्यवर" अशी करून दिली. समोरच्या पोरांच्या घरी डाळिंब आणि द्राक्षं, त्यामुळे सगळे एकदम सावरून बसले. पहिलाच प्रश्न आला, "म्याडम, डाळिंब उणे ऐंशीला ठिवलं तर टिकतंय का?" म्हटलं, टिकतंय की, पण खायला हातोडा लागेल. मग माझं भाषण कोण ऐकतंय!

तरी सांगितलं. मी बी.एस्सी. केलं सूक्ष्मजीवशास्त्रात, मग डीएमएलटी, मग एका खासगी लॅबमध्ये लोकांच्या लघवीच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या. एके दिवशी दवाखान्यातल्या हृदयरोगाच्या मोठ्या डॉक्टरांनी, म्हणजे आमच्या सरांनी, जैवपेढी काढायचं ठरवलं आणि विचारलं, "अक्षर कुणाचं चांगलं आहे?" मी हात वर केला. झालं, माझं करिअर ठरलं. पुढं मोठ्या शहरात सहा आठवडे ट्रेनिंग घेतलं. आता तसं नाही. आता बायोटेक्नॉलॉजीत एम.एस्सी. झालेली मुलं येतात, सर्टिफिकेट कोर्स आहेत. माहिती सांभाळणारे कॉम्प्युटरवाले लागतात, परवानगी घेणाऱ्या नर्स लागतात, गुणवत्ता तपासणारे लागतात, कायदा जाणणारे लागतात. पण "यात तुम्हाला काहीही मिळणार नाही, तरी हात पुढं करा," असं परक्या माणसाला सांगून त्याच्याकडून खुशीनं हो म्हणवून घ्यायचं, हा पेपर कुठल्याच विद्यापीठात नाही. तो चहाच्या कपावर शिकावा लागतो.

एक धीट मुलगी उठली. "म्याडम, ह्यात म्होरं काय काय व्हता येतं?"

"आधी नळ्या भरणारी, मग नळ्यांचा हिशेब ठेवणारी, मग नळ्या भरणाऱ्यांवर ओरडणारी. मी तिन्ही झाले. तिसरं मला जास्त जमलं."

ओरडायला कारणंही तशीच असत. करकंबच्या दोन भावांनी मधुमेहाच्या अभ्यासासाठी रक्त दिलं होतं. वर्षभरानं थोरला तणतणत आला. "म्याडम, माझं रगात काढून द्या."

"का हो, काय झालं?"

"धाकट्याचं बी हितंच हाय म्हणं. बांधावरनं आमचं बोलणं बंद हाय. आन् तुमी दोगास्नी एका डब्यात ठिवलंय?"

हे त्याला कळायलाच नको होतं. आमच्या एका बडबड्या टेक्निशियननं गप्पांच्या ओघात सांगून टाकलं होतं, त्याची मी नंतर सालटी काढली. पण आता समोर हा उभा. मी समजावलं, नळ्या बंद असतात, दगडासारख्या गोठलेल्या असतात, आपसात बोलत नाहीत. "त्ये खरं. पर शेजारी हायती की!" दिलेली परवानगी मागं घ्यायचा हक्क प्रत्येकाला असतो. मग आम्ही नमुना नष्ट करतो. तसं सांगून फॉर्म पुढं केला, तर नष्ट करायलाही तयार नाही. फॉर्म परत माझ्याकडं सरकवून म्हणाला, "मी थोरला हाय. मला वरच्या खणात ठिवा."

नळीची जागा बदलायची तर कारण लिहून दोन सह्या लागतात. कारणाच्या रकान्यात "ज्येष्ठता" लिहिलं आणि बदलली. दोन महिन्यांनी धाकटा हजर. "त्यो वर कसा?" शेवटी दोघांना एकाच खणात दोन टोकांना ठेवलं आणि मधे अकलूजच्या एका शांत मास्तरांना घातलं. आजही ते तिघं तसेच आहेत.

पण हे सगळं हसण्यावारी गेलं. ज्या दिवशी हसता हसता पायाखालची जमीन सरकली, तो दिवस सांगायचा तर आधी लगमव्वा सांगायला हवी.

लगमव्वा मैंदर्गीकडची धनगरीण. निम्मं मराठी, निम्मं कानडी बोलायची. मला "तंगी" म्हणायची, म्हणजे धाकटी बहीण. तिचा नवरा मेंढरांमागं चालता चालता कोसळून गेला होता, मग दीर तसाच गेला. थोरला मुलगा मायप्पा छातीत धडधडतं म्हणून आमच्या दवाखान्यात आला, तेव्हा सरांनी मला बोलावून त्याचं रक्त ठेवायला सांगितलं. चार नळ्या मी माझ्या हातानं भरल्या. त्यानंतर आठच दिवसांत मायप्पा गेला. चौतिशीचा होता.

राहिला धाकटा भीमण्णा. त्याच्या सगळ्या तपासण्या चांगल्या येत होत्या. पण चांगल्या तर मायप्पाच्याही आल्या होत्या. सर म्हणायचे, मायप्पाच्या रक्तात नेमका काय दोष होता ते कळलं, तरच तो भीमण्णात आहे का ते शोधता येईल. आणि मायप्पाचं जगात जे काही उरलं होतं ते त्या चार नळ्यांत होतं. लगमव्वा कधी दवाखान्यात आली की माझ्या दारात उभी राहायची. रक्त म्हणायची नाही, नळी म्हणायची नाही. विचारायची, "तंगी, माझा मायप्पा हाय न्हवं?"

मी म्हणायची, "आहे."

"मग बरं," म्हणून निघून जायची. कामाशिवाय येणाऱ्या बाकीच्यांना मी पाणीसुद्धा विचारत नसे, तिला मात्र चहा पाजल्याशिवाय सोडलं नाही.

एका वर्षी सरांच्या खटपटीला यश आलं. दुसऱ्या शहरातल्या एका संशोधक बाईंनी हे घराणं अभ्यासाला घ्यायचं कबूल केलं. दसरा झाल्यावर पहिल्या सोमवारी नळ्या पाठवायच्या ठरलं. पण बाई कडक होत्या. अट अशी, की फ्रीजर उणे साठच्या वर कधीही गेलेला नसावा, आणि तापमानाचा आलेख नळ्यांसोबत जोडावा. त्यांना आरएनए हवा होता. डीएनए म्हणजे आपली कडक भाकरी, तिला काही होत नाही. आरएनए म्हणजे दुधावरची साय, जरा ऊब लागली की संपली. उणे साठच्या वर एकदा काटा गेला की मायप्पा बाद. आणि मायप्पा बाद झाला की भीमण्णाचं काय ते देवच जाणे.

आता नरसय्या. आमच्याकडं त्याच उन्हाळ्यात शिपाई म्हणून लागलेला हा पन्नाशीचा गृहस्थ. घरात तेलुगू, बाहेर सोलापुरी. तीस वर्षं यंत्रमागावर चादरी विणल्या, कारखाना बंद पडला म्हणून आमच्याकडं आला. माणसांपेक्षा त्याला मशीन जास्त कळायचं. रोज सकाळी फ्रीजरच्या पोटाला कान लावायचा. एकदा म्हणाला, "म्याडम, ह्याचा आवाज आज जड येलालाय." मी हसले. दुसऱ्या दिवशी पंखा बिघडला. तेव्हापासून मी कंपनीच्या इंजिनिअरपेक्षा नरसय्याच्या कानावर विश्वास ठेवायला लागले. हे मी आजही अभिमानानं सांगते, आणि जे झालं ते त्याच विश्वासानं झालं.

खंडेनवमीला सुट्टी. त्या दिवशी फ्रीजरवर लक्ष ठेवायची पाळी नरसय्याची होती. आदल्या दिवशी किल्ली देताना मीच म्हटलं, "नरसय्या, उद्या मशीनची पूजा नीट करा बरं का."

त्याचा चेहरा खुलला. "आमच्या कारखान्यात करायचे तशी करू का, म्याडम?"

"हो, हो, तशीच करा," असं म्हणून मी पर्स उचलली. कारखान्यात कशी करायचे ते विचारायचं मला सुचलं नाही. एरवी मी लोकांना सह्या करण्याआधी कागद वाचायला लावलं, आणि स्वतः मात्र न वाचताच हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी घरी सासूबाईंनी पाटावर पूजा मांडली. विळी, कात्री, ह्यांचा पाना, स्क्रूड्रायव्हर. सगळं मांडून माझ्याकडं बघत म्हणाल्या, "तुझं हत्यार कुठाय गं?"

मी म्हटलं, माझं हत्यार दवाखान्यात आहे, सहा फूट उंच.

"मग दिवसभर हातात असतंय ते काय?" असं म्हणून त्यांनी माझा फोन घेतला. देवापुढं वाजायला नको म्हणून मीच त्याचा आवाज बंद केला. त्यांनी त्याला हळद लावली, कुंकू लावलं, वर झेंडूची फुलं घातली. आमच्याकडं पूजेतल्या हत्याराला दसऱ्याच्या सकाळपर्यंत हात लावत नाहीत. खरं सांगू का, मला त्या दिवशी फार हलकं वाटलं. फ्रीजर गरम व्हायला लागला की मेसेज त्याच फोनवर येतो, हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण म्हटलं, नरसय्या आहे की.

दुपारी एकला आम्ही जेवायला बसलो. पहिली पुरणपोळी पानात पडली आणि ह्यांचा फोन वाजला. नरसय्या होता. "साहेब, म्याडम फोन उचलंनात. पूजा लई झकास झाली म्हणून सांगा. प्रसाद घेऊन येऊ का?"

ह्यांनी फोन माझ्या कानाला लावला. मी म्हटलं, "वा! फ्रीजर कसा आहे?"

"निवांत झोपलंय, म्याडम."

"झोपलंय म्हणजे?"

"बंद केलो की. नऊ वाजता पूजा केलो, नारळ फोडलो आन् बटण बंद केलो. वरीसभर राबतंय बिचारं. खंडेनवमीला मागाला बी आमी हात लावत नव्हतो. उद्या सकाळी हळदकुंकू लावून चालू करतो."

मी काय ओरडले ते मला आठवत नाही. सासूबाई म्हणतात, शेजारच्या दोन घरांतली माणसं बाहेर आली. "चालू करा! आत्ताच्या आत्ता बटण चालू करा!" असं सांगून मी देवघरात धावले आणि झेंडूतून फोन उपसला. त्यावर तेवीस मेसेज. उघडायला जावं तर काचेवर कुंकवाचा राप, बोट लावलं की भलतंच उघडायचं. शेवटी दिसलं ते एवढंच, उणे ७१, उणे ७०, उणे ६९, आणि त्याखाली सगळं लाल लाल.

ह्यांनी स्कूटर काढली, मी रेशमी साडीतच मागं बसले. ऑक्टोबरचं ऊन असं की सीटवर टेकवेना. वाटेत जी ती गाडी नवरीसारखी नटलेली. एका रिक्षास्टॉपवर पूजा चालली होती, त्यांनी आम्हाला अडवलं. "वहिनी, प्रसाद घेतल्याबिगर जायचं न्हाय."

मी म्हटलं, "अहो, जाऊ द्या, माणूस दगावतोय!"

"मग तर घ्याच," म्हणून त्यांनी हातावर पेढा ठेवला. पेढा तोंडात कोंबून आम्ही निघालो.

दवाखान्यातल्या फ्रीजरच्या खोलीच्या दारात रांगोळी काढलेली होती. आत उदबत्त्यांचा धूर. फ्रीजरच्या कपाळावर पाच बोटं कुंकू, पुढच्या चाकांखाली दोन लिंबं, आणि गळ्यात, म्हणजे वरच्या कडेवरून मागंपुढं, मनगटाएवढा झेंडूचा हार. आणि सगळ्या अंगावर चादरी. एक नाही, दोन नाही, चार! नरसय्यानं स्वतः विणलेल्या, घरून आणलेल्या, कडेनं नीट खोचलेल्या. पाळण्यातल्या बाळाला सुद्धा कुणी इतकं लपेटत नसेल.

"ह्या कशाला?" मी किंचाळले.

"झोपलेल्याला पांघरूण नको का, म्याडम?"

"आणि हे बॅटरीवर वाजत नव्हतं का?"

"वाजत होतं की. सकाळपासनं कण्हत होतं. वाटलं, इतकी वर्षं राबलंय, अंग दुखत असंल. मग तोंडावर टॉवेल बांधलो."

मला त्याला मारावं का स्वतःला, ते कळेना. चादर वर करून आकडा बघितला. उणे चौसष्ट.

मी दोनदा वाचलं. उणे चौसष्ट! मागच्या उन्हाळ्यात लाइट गेली होती तेव्हा हाच फ्रीजर तीन तासांत एकसष्टवर येऊन टेकला होता. आज चार तास उलटून गेले होते. सर नंतर म्हणाले, फ्रीजरच्या भिंतीच जाड असतात, चादरींनी फारसा फरक पडत नाही. मी म्हटलं, सर, तुम्ही विज्ञान सांगा, मी आकडा सांगते.

पण हा आनंद अर्धा मिनिटच टिकला. नरसय्यानं माझ्या ओरडण्यासरशी बटण कधीच चालू केलं होतं, तरी मशीन नुसतं खाकरत होतं आणि थांबत होतं. आकडा त्रेसष्टवर आला. मी मागं जाऊन पाहिलं तर हाराचं शेपूट मागच्या जाळीत ओढलं गेलेलं. पंख्यात झेंडू! पाकळ्यांचा असा लगदा झाला होता की पातं हलेना. दार उघडून नळ्या दुसरीकडं हलवायच्या तर गरम हवा आत जाणार, आणि दुसरीकडं जागा तरी कुठाय? बासष्ट. मायप्पाच्या नळ्या तिसऱ्या खणात, उजवीकडच्या पेटीत. मला ती जागा झोपेतही सांगता आली असती.

"बाजूला व्हा, म्याडम," नरसय्या म्हणाला. वायर काढली, खिशातून एक बारीक आकडा काढला. मागात अडकलेला धागा काढायचा तो आकडा त्यानं नोकरी गेल्यावरही टाकला नव्हता. जमिनीवर पालथा पडला, जाळीतून आकडा आत घातला आणि एकेक पाकळी ओढायला लागला. तोंडानं तेलुगूत काहीतरी पुटपुटत होता. देवाची माफी मागत होता की मशीनची, ते मी आजपर्यंत विचारलेलं नाही. मी एका हातानं चादर धरून बॅटरीवर चालणारा आकडा वाचत होते. "एकसष्ट, नरसय्या. एकसष्ट झालं."

"व्हतंय, म्याडम. व्हतंय."

"साठ झालं की संपलं हो सगळं!"

"मला ठाऊक हाय. मायप्पा आत हाय," तो म्हणाला आणि मला त्या क्षणी कळलं की लगमव्वा फक्त माझ्याच दाराशी उभी राहत नव्हती.

शेवटचा पिवळा गोळा बाहेर आला. वायर लावली. मशीन खाकरलं, थांबलं, पुन्हा खाकरलं आणि घुरघुरायला लागलं. आकडा एकसष्टवर अडून बसला. आम्ही दोघं त्याच्याकडं बघत उभे. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग बासष्ट दिसलं. मी त्या लिंबांच्या शेजारी रेशमी साडीत फतकल मारून बसले आणि घळाघळा रडले. हे दारात उभं राहून मला वारा घालत होते, प्रसादाच्या पत्रावळीनं.

झाल्या प्रकाराचा अहवाल लिहावा लागतो. घटना, कारण, उपाय असे तीन रकाने असतात. उपायात मी लिहिलं, "यापुढे यंत्राची पूजा यंत्र चालू ठेवून करावी. लिंबू चालेल. हार मागील जाळीवर घालू नये." समितीतल्या एका प्राध्यापकांचा फोन आला, लिंबाला शास्त्रीय आधार काय म्हणून. मी म्हटलं, काहीच नाही, पण लिंबानं काही बिघडतही नाही. कारणाच्या रकान्यात मात्र मी लिहिलं, "शिपायाचे अज्ञान." झेंडूखालच्या माझ्या फोनबद्दल एक अक्षर लिहिलं नाही. "कारखान्यासारखी करा" असं मीच म्हटल्याचंही नाही. नरसय्यानं तो कागद वाचला आणि खाली सही केली. मला त्याची आजही लाज वाटते.

आलेख उणे साठच्या खालीच राहिला म्हणून संशोधक बाईंनी चारातल्या दोन नळ्या घेतल्या, दोन आमच्याकडंच राहिल्या. काही महिन्यांनी उत्तर आलं. दोष सापडला होता. भीमण्णाचं रक्त तपासलं, त्याच्यातही तोच दोष निघाला. सरांनी त्याच्या छातीत एक छोटं यंत्र बसवलं. हृदय भलतंच धावायला लागलं की ते यंत्र आतून एक दणका देतं. पुढच्या पावसाळ्यात भीमण्णा एका पळपुट्या मेंढ्यामागं धावत होता, तेव्हा तो दणका बसला. पठ्ठ्या आडवा झाला, उठून बसला आणि मागं वळून त्या मेंढ्याला शिव्या घालायला लागला. त्याला वाटलं, त्यानंच ढुशी मारली. यंत्र तपासल्यावर सर मला एवढंच म्हणाले, "त्या दिवशी हे नसतं, तर तोही गेला असता."

त्याच्या दुसऱ्या आठवड्यात लगमव्वा त्याला घेऊन आली. भीमण्णा दारात उभा, दाढी वाढलेली, धडधाकट. लगमव्वानं आल्या आल्या माझे पाय धरायला हात पुढं केले, आणि मला ते सोसेना. मी तिला खुर्चीवर बसवलं आणि सगळं सांगून टाकलं. फ्रीजर कसा बंद झाला, तिचा मायप्पा एका अंशानं कसा वाचला, माझा फोन कुठं होता, आणि अहवालात मी कुणाचं नाव लिहिलं. नरसय्या दाराआड उभा राहून ऐकत होता.

लगमव्वानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पूजाच केलासा न्हवं? चोरी केलासा व्हय?"

"तसं नाही गं, लगमव्वा..."

"त्ये ऱ्हाऊ दे. त्या चादरी कुणी घातल्या?"

मी दाराकडं बोट दाखवलं. नरसय्या आणखी मागं सरकला. लगमव्वा उठली, त्याला हाताला धरून पुढं ओढलं आणि त्याच्या गालांवरून हात फिरवून आपल्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली.

"तंगी, मायप्पा गेला तवा मी मेंढरं घिऊन लांब कर्नाटकात हुती. माज्या येण्याआदी त्याला झाकून नेला. माज्या हातनं त्याच्या अंगावर पांघरूण बी पडलं न्हाय. तुमी सगळी शिकल्याली माणसं त्याला गार ठिवा, गार ठिवा म्हणत हुता. पांघरूण घालावं असं ह्या एकट्याला सुचलं."

बाहेरच्या माणसाला फ्रीजरच्या खोलीत न्यायचं नाही, हा नियम मीच लिहिलेला. मी किल्ली घेऊन ती खोली उघडली. नरसय्यानं कपाटातून एक चादर काढली आणि लगमव्वाच्या हातात दिली. तिनं ती झटकली, उलगडली, आणि घुरघुरणाऱ्या त्या फ्रीजरवर हळूच घातली. पुढून खोचली, बाजूनं खोचली. मग मागं जायला लागली, तसा नरसय्या घाईनं पुढं झाला.

"मागची जाळी तेवढी मोकळी ठेव, अक्का."